‘वेडा होता म्हणायचं, की नशेत होता म्हणायचं?’

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २४. कॉलेजपासून गांजा, पुढे एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग). गेलं वर्षभर तो खिडक्यांना पेपर चिकटवायचा, मोबाईलमधून कोणीतरी आपलं ऐकतंय म्हणायचा, रात्री एकटाच कोणाशीतरी भांडायचा. दोन महिन्यांपूर्वी रूमवर त्याने आपल्याच मित्राच्या पोटात चाकू मारला. मित्र वाचला. भावाने चाकू धुतला, जागेवर ठेवला आणि जिन्यात जाऊन बसून राहिला, पोलिसांनी तिथूनच उचलला. आता हाफ मर्डरची, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची केस आहे आणि तो जेलमध्ये आहे. काका म्हणतात, ‘वेडा होता सांगा, मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मी आणतो, नाहीतर मित्रानेच कोल्ड्रिंकमधून पाजलं म्हणा, सुटेल.’ आई म्हणते, ‘वेडा म्हणू नका, जन्मभराचा शिक्का बसेल, नशेत होता एवढंच सांगा, नशेत माणसाला काय कळतंय.’ ताई विचारतात, यातलं काय सांगायचं? आणि शेवटी लिहितात, ‘तो सुटावा असं वाटतं आणि घरी येईल या विचाराने झोपही लागत नाही, मी वाईट बहीण आहे का?’

ताई,

आधी काकांचं बघू, कारण ते चार्जशीट यायच्या आत काहीतरी करून बसतील अशी मला भीती वाटतेय. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट नको, कोल्ड्रिंकची गोष्ट तर अजिबात नको. चांगलं-वाईट सध्या बाजूला ठेवा, नुसतं व्यवहाराने बघा. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला कोर्टात उभं राहावं लागतं, सरकारी वकील ओपीडीचं रजिस्टर मागतात, त्या तारखेला तुमचा भाऊ तिथे नव्हताच हे बाहेर पडायला उलटतपासणीची दहा मिनिटं पुरतात. खोटा पुरावा तयार करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे काका, डॉक्टर आणि साक्षीला उभ्या राहिलात तर तुम्ही, सगळेच अडकाल. आणि सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे, एक खोटा कागद सापडला की तुमच्याकडचे खरे कागदही कोणी खरे मानत नाही. तुमच्याकडे खरं बरंच काही आहे असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतंय, त्यावर येतो.

आता आईचं म्हणणं. नशेत माणसाला कळत नाही म्हणजे तो निर्दोष, असं खूप लोकांना वाटतं, सुशिक्षितांनाही. कायदा जवळजवळ उलटं म्हणतो. कलम २३ आणि २४, जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ८५ आणि ८६ (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नवे आकडे लागतात, पण कोर्टाच्या आवारात अजून जुनेच आकडे ऐकू येतील, गोंधळू नका). कलम २३ ची सूट मिळायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे नशेमुळे आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच उरलेली नसणं, आणि दुसरी म्हणजे ती नशा त्याला नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध दिलेली असणं. मित्रांनी आग्रह केला, चिडवलं, ‘एकदा घेऊन तर बघ’ म्हणाले, याला मर्जीविरुद्ध म्हणत नाहीत. स्वतःच्या हाताने ओढलं की हे दार बंद. काकांना कोल्ड्रिंकची गोष्ट सुचली ती नेमकी याचमुळे, कोणीतरी त्यांना अर्धवट कायदा सांगितलेला दिसतोय. पण ज्याच्या पोटात चाकू गेला त्याच्यावरच हा आळ घ्यायचा? तो जिवंत आहे, कोर्टात येऊन बोलणार आहे, आणि तुमच्या भावाचा वर्षानुवर्षांचा गांजा अख्ख्या ग्रुपला माहीत आहे.

यावर सुप्रीम कोर्टाची १९५६ ची एक केस आहे, बसदेव विरुद्ध पेप्सू राज्य (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं राज्य), कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. लग्नाचं जेवण, पाहुणे बसलेले. सैन्यातून निवृत्त झालेला एक जमादार भरपूर दारू पिऊन तिथे येतो आणि पंधरा-सोळा वर्षांच्या एका पोराला म्हणतो, जरा सरक, मला इथे बसायचंय. पोरगा सरकत नाही. हा पिस्तूल काढतो आणि त्याच्या पोटात गोळी घालतो, पोरगा मरतो. कारण काय, तर बसायची जागा. वकिलांचं म्हणणं, एवढा प्यायलेला माणूस, त्याचा मारायचा इरादा कसा असेल? कोर्टाने काय बघितलं, तर हा मधूनमधून झोकांड्या देत होता, कधी असंबद्ध बोलत होता हे खरं, पण तो आपल्या पायाने तिथे आला, जागा स्वतः निवडली, गोळी झाडल्यावर पळायला बघत होता आणि पकडल्यावर माफी मागू लागला. म्हणजे काय केलं ते त्याला कळलं होतं. खुनाची शिक्षा कायम राहिली.

त्याच निकालात एक बारीक फरक केलाय, तो तुमच्या वकिलांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो, जरा किचकट आहे. स्वतःहून नशा केलेल्या माणसाला ‘काय होईल याची जाणीव’ शुद्धीतल्या माणसाइतकीच होती असं कायदा धरून चालतो, यात सूट नाही. पण ‘इरादा’ मात्र आपोआप धरला जात नाही, तो परिस्थितीवरून काढायचा आणि काढताना नशा किती होती हेही बघायचं. माणूस इतका बुडालेला असेल की इरादा करणंच त्याला शक्य नव्हतं, तर गुन्ह्याचं कलम खाली येऊ शकतं. खाली येणं म्हणजे सुटणं नव्हे. नुसतं डोकं फिरलं, पटकन राग आला, संयम सुटला, एवढ्याने तर काहीच होत नाही. तुमच्या केसमध्ये इराद्याशिवाय नुसती जाणीव असली तरीही खुनाचा प्रयत्न सिद्ध होऊ शकतो (कलम १०९, जुनं ३०७), त्यामुळे नुसत्या नशेच्या मुद्द्यावर फार मोठी आशा ठेवू नका. आणि ‘तो एमडी घेऊन होता’ हे कोर्टात छातीठोकपणे सांगणं म्हणजे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली सेवनाचा गुन्हाही आपल्या तोंडाने कबूल करणं. तेव्हा आईचा ‘सेफ’ मार्ग तेवढा सेफ नाहीये.

मग वेडाचा बचाव, म्हणजे कलम २२, जुनं ८४. इथे मला तुमच्या पत्रातली एक ओळ परत तुमच्यासमोर ठेवायची आहे, तुम्ही ती अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीय. ‘मध्ये दोन महिने तो पूर्ण घरी होता, पैसे नव्हते, बाहेर जाणं नव्हतं, काही घेत नव्हता, तरी रात्री कानात बोळे घालून बसायचा आणि त्यांना गप्प करा म्हणायचा.’ ताई, काका आणि आई दोघांच्याही गोष्टींपेक्षा मला ही ओळ महत्त्वाची वाटते. तुम्ही सगळे घरात ‘वेड की नशा’ असा वाद घालताय, जसं काही दोन शर्टांतला एक निवडायचाय. पण तिसरी शक्यता आहे, की त्याला आजार होता आणि तो नशाही करत होता. किंवा नशेनेच सुरू झालेला आजार नशा उतरल्यावरही गेला नाही.

हा फरक कायद्याला फार आधीपासून माहीत आहे. इंग्लंडमध्ये १८८१ साली डेव्हिस नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायाधीश स्टीफन यांनी सांगितलं होतं की दारूची नशा ही एक गोष्ट आणि दारूमुळे जडलेला आजार ही दुसरी. तो माणूस त्या वेळी प्यायलेला नव्हता, दारूने झालेल्या डिलिरियम ट्रेमेन्समध्ये (सतत पिणाऱ्याची दारू तुटल्यावर येणारी थरथर, भास आणि भ्रम) होता, आणि ज्युरीने त्याला वेडाच्या मुद्द्यावर सोडलं. (आपला जुना, १८७२ चा पुरावा कायदा लिहिणारे ते हेच स्टीफन.) आजार कशाने आला यापेक्षा त्या घटकेला आजार होता का, आणि त्याने समज गेली होती का, हा प्रश्न. आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. डॉक्टरही साधारण असंच बघतात, एमडी किंवा गांजाने भास-संशय सुरू झाले तर नशा थांबल्यावर बहुतेकदा काही दिवसांत, आठवड्यांत ते ओसरतात, साधारण महिन्याच्या पुढे टिकले तर मूळ सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. तुमचा भाऊ दोन महिने नशेशिवाय होता आणि आवाज थांबले नव्हते, हे खरं असेल तर कोर्टापुढे येणारं चित्र बदलतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. डॉक्टरच्या भाषेतला मानसिक आजार आणि कोर्टाच्या भाषेतलं वेड एक नाही, हे सुप्रीम कोर्ट परत परत सांगत आलंय. स्किझोफ्रेनियाचं निदान असलं तरी शिक्षा झालेल्या केसेस आहेत. कलम २२ विचारतं ते एवढंच, की कृत्य करताना, त्या क्षणी, मन ठिकाणावर नसल्यामुळे आपण काय करतोय हे किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळायला तो असमर्थ होता का. सहा महिने आधी काय होतं आणि आज जेलमध्ये काय आहे, ते सगळं त्या एका क्षणाकडे बोट दाखवायला उपयोगी, एरवी नाही.

म्हणून त्याला त्या रात्री काय वाटत होतं हे खूप महत्त्वाचं. हे कलम ज्या इंग्लिश नियमांच्या वळणावर आहे ते १८४३ चे, मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली त्यातून आले. त्यात एक उदाहरण दिलंय, भ्रमात असलेल्या माणसाला समोरचा आत्ता आपला जीव घ्यायला आलाय असं खरोखर वाटलं आणि त्याने स्वतःला वाचवायला मारलं, तर तो भ्रम खरा असता तर जे झालं असतं त्या हिशोबाने त्याच्याकडे बघायचं, म्हणजे सूट. पण समोरच्याने आपली बदनामी केली या भ्रमापायी सूड म्हणून मारलं तर शिक्षा. भावाला मित्र मारायला येतोय असं दिसत होतं, की मित्राने पैसे बुडवले म्हणून तो भडकला होता? मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. आणि हे तुम्ही त्याला मुलाकातीत विचारू नका, पढवू तर मुळीच नका. वकील आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना विचारू दे.

चाकू धुतल्याची गोष्ट लपवायची का, असंही तुम्ही विचारलंय. तो पंचनाम्यात असणारच, लपणार कुठे. सरकारी वकील म्हणतील की रक्त धुतलं म्हणजे चूक कळली होती, पुरावा पुसला. तुमचे वकील म्हणतील की ज्याला पुरावा पुसायचा असतो तो चाकू जागेवर ठेवून जिन्यात पोलिसांची वाट बघत बसत नाही. दोन्हीत दम आहे. २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाच्या केसमध्ये, त्याने बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला होता, सुप्रीम कोर्टाने त्याला वेडाच्या बचावावर सोडलं. तिथे जमेला काय होतं बघा. घटनेच्या आधीपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, घटनेनंतरही सतत उपचार लागले, मारण्याचं कारण अगदी किरकोळ होतं, आणि भरदिवसा करूनही त्याने लपायचा-पळायचा प्रयत्न केला नव्हता. एका सर्टिफिकेटवर नाही, एकमेकांना जुळणाऱ्या या सगळ्या गोष्टींवर तो निकाल उभा राहिला. भरपूर पूर्वीचे कागद, खरे.

सिद्ध करायचा भार तुमच्या बाजूवर आहे, पण पोलिसांवर असतो तेवढा जड नाही. दह्याभाई विरुद्ध गुजरात या १९६४ च्या केसपासून ठरलेलं आहे की आरोपीने ‘असं असण्याची शक्यता जास्त’ इतपत दाखवलं तरी पुरतं, आणि तेवढंही जमलं नाही पण इराद्याबद्दलच कोर्टाला रास्त शंका आली तरी फायदा आरोपीला. (त्या दह्याभाईची स्वतःची शिक्षा मात्र कायमच राहिली.)

तर कामाचं. खिडकीला चिकटवलेले पेपर अजून असतील तर काढू नका, फोटो काढा. त्याने तुम्हाला रात्री पाठवलेले विचित्र मेसेज, व्हॉइस नोट्स असतील तर डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका. कोणत्याही दवाखान्याचा केस पेपर, झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी, व्यसनमुक्ती केंद्रात नेलं असेल तर तिथली नोंद, कॉलेजने पाठवलेलं पत्र, शेजाऱ्यांनी केलेली तक्रार, सगळं जमा करा, मानसिक उपचारांच्या नोंदी मागायचा हक्क २०१७ च्या कायद्यात पेशंटला दिलेला आहे. आणि एक वही घेऊन तुम्हाला, आईला, काकांना जे जसं आठवतंय ते वेगवेगळं लिहा, एकत्र बसून नको, एकत्र बसलात की सगळ्यांची गोष्ट एकसारखी होते आणि कोर्टाला एकसारख्या गोष्टींचा वास येतो. तुमच्या बाजूला न जाणारंसुद्धा लिहा, आणि वही फक्त वकिलांना द्या. अटकेनंतर रक्त-लघवीचे नमुने घेतले का, सीए रिपोर्ट (सरकारी केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) आला का, पहिल्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी त्याच्या बोलण्या-वागण्याबद्दल काय लिहिलंय, हे वकिलांना काढायला सांगा. नमुन्यात काहीच निघालं नाही तर तेही बोलतं, आणि भरपूर निघालं तर त्याला सामोरं जायची तयारी लागेल.

आज तो कसा आहे याकडे कोणी बघतंय का? हा प्रश्न वेगळा आहे, लोक दोन्ही एकत्र करतात. खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करायच्या अवस्थेत आरोपी आत्ता आहे का, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) ३६७-३६८ कलमांखाली कोर्टाला तपासावं लागतं, नसेल तर खटला पुढे ढकलून उपचार होतात. मुलाकातीत तो अजून आवाजांबद्दल बोलत असेल, जेवत नसेल, तर वकिलांकरवी कोर्टात लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती नको, लेखी. यातून उपचार मिळतील हे पहिलं, आणि सरकारी डॉक्टरांच्या नोंदी तयार होतील हे दुसरं, ज्या काकांच्या ओळखीच्या डॉक्टरपेक्षा शंभरपट वजनदार असतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. आणि ९० दिवसांचा हिशोब विचारा. मित्राला जखम झालेली असल्याने या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, तो वेळेत मागावा लागतो. तुमचे साठ तर होत आलेत.

आता ‘सुटेल’ या शब्दाबद्दल, काकांना हेही सांगा. वेडाच्या मुद्द्यावर निर्दोष ठरला तरी कृत्य त्यानेच केलं असा निष्कर्ष कोर्ट लिहितं आणि माणूस सरळ घरी येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ खाली कोर्ट त्याला सुरक्षित जागी, म्हणजे बहुतेकदा सरकारी मनोरुग्णालयात ठेवायला सांगतं, किंवा नातेवाइकाने हमी दिली तर त्याच्या ताब्यात देतं, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही ही हमी. ती सही कोण करणार हे घरात आत्ताच बोलून घ्या. तुम्हाला करायची नसेल तर करू नका. तुम्ही घाबरता कारण गेलं वर्षभर घरात जे झालं ते तुम्ही बघितलंय, त्यात वाईट बहीण कुठून आली? भावासाठी वकील शोधणं आणि त्याच्यासोबत एका घरात न राहणं, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. झोप लागत नाही तर १४४१६ वर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) स्वतःसाठी फोन करा, आईलाही करायला लावा.

आईच्या शिक्क्याच्या भीतीला मी हसणार नाही, ती खरी आहे. पण ‘खुनाच्या प्रयत्नात शिक्षा’ हाही शिक्का आहेच, आणि आजार असेल तर नाव न घेतल्याने तो जात नाही, जेलमध्ये औषधाविना वाढतो मात्र. आईला वकिलांच्या ऑफिसात सोबत घेऊन जा, तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिथे जास्त पटेल.

तो मित्र. त्याला भेटायला जावं, माफी मागावी असं तुम्हाला वाटतंय, पण सध्या नको. तो मुख्य साक्षीदार आहे, तुमच्या घरचं कोणी त्याच्या दारात दिसलं की साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामीन मिळायचाही राहील. काकांना तर हे दोनदा बजावा. त्याच्या दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावायची इच्छा असेल तर तसं वकिलांना सांगा, कोर्टामार्फत करता येतं का ते बघतील. आणि त्याच्या जबाबात काय आहे ते चार्जशीटसोबत कळेलच. भाऊ त्या रात्री चाकू घेताना काय बडबडत होता हे ऐकलेला तो एकटाच आहे. ते तुमच्या बाजूचं निघेल की विरुद्ध, ते चार्जशीट हातात आल्यावर बघू, तेव्हा परत लिहा.